हात सुटला तरी मोटर थांबली पाहिजे



रात्री अडीचच्या सुमारास नवीन पनवेलच्या एका घरात फोनच्या पडद्यावर 'मोटर बंद' अशी अक्षरे दिसत होती. नेमक्या त्याच वेळी आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतात तीच मोटर धडधड पाणी ओढत होती. आडसाली लागण होती, दोनच दिवसांपूर्वी खताचा हप्ता दिलेला होता. पहाटेपर्यंत खालच्या कोपऱ्यात तळे साचले, खत वाहून गेले, विहिरीचा तळ लागला आणि कोरडी फिरून फिरून मोटरचे वाइंडिंग जळाले.

शेत तात्यांचे. गावात सगळे त्यांना तात्याच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. फोन त्यांच्या चिरंजीवांचा. मुलगा संगणकाच्या कामात आहे, पनवेलला राहतो. वडिलांना रात्री-बेरात्री विहिरीवर जावे लागू नये, साप-विंचवाची भीती नको, म्हणून त्यानेच स्वतःच्या हाताने ती पेटी बनवून बसवली होती. दोन वर्षे पेटी छान चालली. आणि एका रात्री असे झाले.

आता अशा पेट्या आपल्या भागात ठिकठिकाणी दिसू लागल्या आहेत. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करण्याचे काम काही नवे नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' यंत्र त्यासाठी महाराष्ट्रात कधीच माहीत झाले आहे. पण अलीकडे सभासदांची शिकलेली मुले बाजारातून लहानसा संगणक-बोर्ड आणतात आणि घरीच पेटी जुळवतात. उत्साह चांगला आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण तात्यांच्या शेतात जे झाले ते का झाले, हे सगळ्यांना कळले पाहिजे असे आम्हाला वाटले. म्हणून तात्या, आमचे एक जुने वायरमन मित्र आणि आम्ही असे तिघे एसटीने घाट उतरून पनवेलला गेलो.

पनवेल म्हटले की आपल्याला एसटी स्टँड, कर्नाळ्याचा सुळका आणि मुंबईची वाट एवढेच आठवते. पण २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा खारघरही तिच्यात आले, आणि खारघरजवळ 'सीडॅक' या सरकारी संगणक-संस्थेचे केंद्र आहे. ही संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली. परदेशाने महासंगणक द्यायला खळखळ केली तेव्हा डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' तिथेच उभा केला. म्हणजे संगणकाची वाट आपल्या दाराशी येऊन फार दिवस झाले. आपणच तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

पिन म्हणजे काय?

मुलाने जेवणाचे टेबल रिकामे करून त्यावर सगळे मांडून ठेवले होते. तळहाताएवढा बोर्ड, एक रिले, मोटरच्या जागी साधा बल्ब, आणि पाण्याची बादली, तिच्यात तरंगणारा फ्लोट स्विच. बोर्ड 'रास्पबेरी पाय' नावाचा होता. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ साली बाजारात आणला. पूर्ण संगणकच, पण पत्त्यांच्या जोडाएवढा.

त्याच्या कडेला दोन रांगांत ४० खिळे होते. तो म्हणाला, "काका, ह्याच पिना. ४० पैकी १२ पिना नुसत्या विजेच्या आणि अर्थिंगच्या. उरलेल्या २८ आपल्या कामाच्या. ह्यांना ठरलेलं एक काम नसतं. आपण म्हणू ते काम. हुकूम बाहेर सोडायचा किंवा बाहेरची खबर आत घ्यायची."

हुकूम म्हणजे तरी काय? पिनेवर ३.३ व्होल्ट आले की '१', काही नसले की '०'. बस्स, एवढेच. फ्लोट स्विच वर तरंगला की पिनेला '१' कळते. आपण '१' लिहिला की रिले ओढला जातो, रिलेने स्टार्टरची कॉइल ओढली जाते आणि मोटर फिरते.

इथे आमच्या वायरमन मित्राने पहिली शंका काढली. "३.३ व्होल्टवर रिले ओढतो होय रे?" प्रश्न रास्त होता. पिनेतून जास्तीत जास्त १६ मिलिअँपिअर घ्यावेत, आणि ५ व्होल्टच्या लहान रिलेच्या कॉइलला लागतात साधारण ७०. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर लागतो, आणि कॉइल सुटताना विजेचा उलटा झटका बसतो तो अडवायला डायोड लागतो. तयार रिले-बोर्डावर हे सगळे असते. पण कुणी पिनेला थेट ५ व्होल्ट लावले तर बोर्ड कायमचा जातो. ४१५ व्होल्टची बाजू तर मुलांनी हातात घेऊच नये. ते काम परवानाधारक वायरमनचेच.

कर्नल नव्हे, पाटकरी

"आणि ह्या सगळ्यावर हुकमत असते ती कर्नलची," मुलगा म्हणाला. तात्या दचकले. "म्हणजे मिल्ट्रीतला?" सगळे हसले. पण शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. ह्या कर्नलचा अर्थ गाभा, फळातला गर. संगणक चालू झाला की सगळ्यात आधी जो कार्यक्रम जागा होतो आणि शेवटपर्यंत जागा राहतो, तो हा गाभा. बाकीचे कार्यक्रम येतात-जातात. यंत्राच्या कुठल्याही भागाला हात लावायचा तर त्यांना गाभ्याकडेच मागणी करावी लागते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा पाटकरी. कालव्याला पाणी आले म्हणून कुणीही उठून चारीचे दार उघडत नाही. सात नंबरचा पाणीअर्ज भरायचा, शेजपाळीच्या यादीत नाव लागायचे, पाळी आली की पाटकरी दार उघडून देतो, आणि कुणाच्या नावावर किती वाजल्यापासून पाणी चालू आहे याची नोंद त्याच्याकडे असते. पिनांचे तेच. पिन ही चारीचे दार, कार्यक्रम हा बागायतदार आणि गाभा हा पाटकरी.

पाटकऱ्याला कुठल्या चारीवर कुठले रान हे कसे कळते? नकाशावरून. तसा बोर्डाचाही एक नकाशा असतो, त्याला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. कुठल्या पत्त्यावर कुठली चिप, कुठल्या पिनेला काय जोडले आहे, कुठली पिन उलट्या अर्थाने चालते, हे सगळे त्यात लिहिलेले असते. तो बोर्डाचा सातबाराच म्हणा. गाभा चालू होताना आधी तो वाचतो.

ह्या बोर्डावरचा गाभा 'लिनक्स'. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली सुरू केला, म्हणजे पुण्यात 'परम' झाला त्याच वर्षी. त्याची सगळी आतली लिखापढी उघडी आहे. कुणीही वाचावी, सुधारावी, मात्र सुधारलेला गाभा दुसऱ्याला दिला तर सुधारणाही उघडी करून द्यावी, असा त्याचा परवाना आहे. एकट्याची मालकी नाही आणि राबणारे हजारो. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे करून दाखवले, त्या वाटेचे हे वाटले. आपल्या सभासदांना ते चटकन कळावे.

घोटाळा कुठे झाला?

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

लिनक्समध्ये पिना हाताळायची सर्वसाधारण व्यवस्था डेव्हिड ब्राउनेल यांच्या कामातून २००८ साली आली. त्याच वर्षी बाहेरच्या कार्यक्रमांसाठी एक सोपी वाटही निघाली. पिनेच्या नंबराची एक फाईल तयार व्हायची. तीत '१' लिहिले की पिन चालू, '०' लिहिले की बंद. शाळेतल्या पोरालाही जमेल इतके सोपे. म्हणूनच ती वाट जगभर रुळली, आणि तात्यांच्या पेटीतही तीच होती.

पण ह्या वाटेत एक खोट आहे. कार्यक्रमाने '१' लिहिला आणि तो निघून गेला, तरी '१' तसाच राहतो. कुणी लिहिला, तो माणूस जागेवर आहे की नाही, याची दाद तिथे कुणी घेत नाही. बागायतदार दार उघडून लग्नाला निघून गेला आणि पाटकऱ्याच्या वहीत त्याचे नावच नाही, अशातली गत.

त्या रात्री नेमके हेच झाले. मोटर चालू करण्याचा हुकूम गेला, पिनेवर '१' बसला. थोड्या वेळाने मोबाईलचे नेटवर्क गेले. नेटवर्कची वाट बघता बघता कार्यक्रम अडखळला आणि मेला. बोर्ड मात्र जिवंत होता, गाभा जिवंत होता, पिनेवरचा '१' जागेवर होता. मग कार्यक्रम आपोआप पुन्हा सुरू झाला. तो कोऱ्या पाटीने सुरू झाला. आपण आत्ताच उठलो म्हणजे मोटर बंदच असणार, असे त्याने धरून चालले आणि तेच पनवेलला कळवले. त्याने पिनेकडे बघितलेसुद्धा नाही.

मुलाने टेबलावर तो प्रसंग पुन्हा करून दाखवला. बल्ब लावला, कार्यक्रम एका फटक्यात मारला. बल्ब जळतच राहिला. कार्यक्रम पुन्हा चालू केला. पडद्यावर 'मोटर बंद', आणि समोर बल्ब लख्ख. तात्या बराच वेळ त्या बल्बकडे बघत बसले. कुणी काही बोलले नाही. शेवटी मुलगाच खाली मान घालून म्हणाला, "तात्या, चूक माझी. मी चालू कसं करायचं तेवढंच लिहिलं होतं."

गट नंबर बदलला

ह्या जुन्या वाटेची दुसरीही एक खोट आहे. त्यात पिना नुसत्या नंबराने ओळखल्या जातात, आणि तो नंबर गाभा आपल्या सोयीने देतो. २०२४ साली ह्या बोर्डांना ६.६ क्रमांकाचा नवा गाभा मिळाला, तेव्हा मोजणीची सुरुवातच ० ऐवजी ५१२ पासून झाली. काल जी १७ नंबरची पिन होती ती ५२९ झाली. बोर्ड तोच, खिळा तोच, तार तीच. फक्त नंबर बदलला. तात्यांची मोटर त्या वेळी आठवडाभर चालूच होईना. मुलाने नंबर दुरुस्त केला आणि विषय तिथेच सोडला.

आपल्याला हे नवे नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, तेव्हा जुन्या नंबरावर लिहिलेल्या कागदांनी किती घरांत भांडणे लावली ते वडीलधाऱ्यांना विचारा. जमीन हलली नव्हती, नंबर हलला होता. म्हणून नुसत्या नंबरावर भिस्त ठेवू नये. कुठल्या चिपेवरची कितवी पिन, आणि तिचे नाव काय, असे तीनही बघून मागावे.

नवी रीत: नाव लावा, पाळी घ्या

ह्या दोन्ही खोटी गाभा घडवणाऱ्यांच्याही ध्यानात आल्या होत्या. स्वीडनचे लीनुस वालेय हे ह्या विभागाची देखरेख करतात. २०१६ साली ४.८ क्रमांकाच्या गाभ्यात नवी रीत आली आणि फाईलीची वाट जुनी ठरवली गेली. पुढे २०२० च्या डिसेंबरात ५.१० मध्ये नव्या रीतीची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. नवी रीत वापरायला सोपी जावी म्हणून बार्टोश गोलाशेवस्की यांनी 'लिबजीपीआयओडी' नावाची हत्यारपेटी तयार केली.

नवी रीत म्हणजे शुद्ध शेजपाळी आहे. कार्यक्रमाने आधी चिप उघडायची आणि अर्ज करायचा. मला अमुक पिन हवी, ती हुकमासाठी हवी, सुरुवातीची स्थिती 'बंद' हवी, आणि माझे नाव 'विहीर मोटर'. गाभा नोंद करतो आणि पिन त्याच्या स्वाधीन करतो. दिशा आणि सुरुवातीची स्थिती एकाच अर्जात ठरते, त्यामुळे मधल्या क्षणी रिलेला चुकून झटका बसत नाही. दुसऱ्या कार्यक्रमाने तीच पिन मागितली तर 'गुंतलेली आहे' असे सरळ उत्तर मिळते. आणि एका हुकमाने सगळ्या पिनांची यादी बघता येते. कुठली मोकळी, कुठली कुणाच्या नावावर, आत येणारी की बाहेर जाणारी. पाटकऱ्याची वहीच उघडून बघितल्यासारखे.

सगळ्यात महत्त्वाचे असे की पिन कार्यक्रमाच्या हातात असते. कार्यक्रम मेला, हात सुटला, की गाभा पिन परत घेतो.

मुलाने नव्या रीतीने बल्ब लावला आणि कार्यक्रम मारला. बल्ब विझला. तात्यांच्या तोंडून "हां!" निघाले.

"थांबा तात्या," मुलगा म्हणाला. "ह्यावर विसंबायचं नाही." पिन परत घेतल्यावर तिच्यावर '१' राहतो की '०' होतो, याची हमी गाभा देत नाही. ते त्या त्या चिपेवर आणि तिच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. आज ह्या बोर्डावर विझला, उद्या दुसऱ्या बोर्डावर किंवा नव्या आवृत्तीत तसाच जळत राहील. दार सोडले म्हणजे ते मिटेलच असे नाही. मिटण्याची सोय आपणच केली पाहिजे.

मेला तर सुटतो, पण झोपला तर?

मग त्याने तिसरा प्रयोग केला. कार्यक्रम मारला नाही, नुसता गोठवला. बल्ब जळतच राहिला. कारण उघड आहे. मेलेल्याचा हात सुटतो, झोपलेल्याचा सुटत नाही. पाटकऱ्याच्या वहीत नाव आहे, माणूसही बांधावर आहे, पण तो बांधावर घोरतो आहे.

यावर उपाय म्हणजे 'वॉचडॉग', पहारेकरी. बोर्डाच्या चिपेतच तो असतो. कार्यक्रमाने दर काही सेकंदांनी गाभ्यामार्फत त्याच्याकडे हजेरी लावायची. ह्या बोर्डावर साधारण १५ सेकंद हजेरी चुकली की पहारेकरी कुणाला न विचारता सगळा बोर्डच नव्याने चालू करतो. आणि नव्याने चालू होताना सगळ्या पिना हुकूम सोडणे बंद करून 'ऐकणाऱ्या' होतात.

पण 'ऐकणारी' पिन म्हणजे 'बंद' पिन नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ती मोकळी लोंबते, वाऱ्यावर हलते. म्हणून रिलेच्या हुकमाच्या तारेतून अर्थिंगकडे १० किलोओहमचा एक रेझिस्टर टाकायचा. तो दोनेक रुपयांचा तुकडा पिनेला सतत खाली, '०' कडे ओढून धरतो. पिनेने जोर लावला तरच '१'. जोर गेला की आपोआप '०'.

पिन निवडतानाही एक मेख आहे. ह्या बोर्डावर चालू होताना ० ते ८ नंबरच्या पिना आतून वर ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली ओढलेल्या. मोटरीसाठी ९ च्या पुढचीच घ्यावी. आणि बाजारातले पुष्कळ रिले-बोर्ड उलटे असतात, '०' दिला की ओढतात. ते मोटरीला घेऊ नयेत, नाहीतर लाईट आल्याबरोबर रिले कुडकुडण्याचा धोका.

हे सगळे जोडून त्याने कार्यक्रम पुन्हा गोठवला. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. पंधराएक सेकंद गेले, बोर्डाचा लाल-हिरवा दिवा लुकलुकला, आणि बल्ब विझला. बोर्ड उठून कामाला लागला तरी बल्ब विझलेलाच राहिला. मग त्याने बोर्डाची वायरच उपटली. तरीही विझलेला. हात कसाही सुटो, मोटर बंद. आम्हाला वाटते, पनवेलच्या खेपेचे सगळे मोल ह्या एका वाक्यात आहे.

वायरमनचे म्हणणे

इतका वेळ गप्प बसलेले आमचे वायरमन मित्र आता पुढे झाले. म्हणाले, "पोरा, तुझं टेबलावरचं सगळं खरं. पण बल्ब वेगळा आणि स्टार्टर वेगळा."

आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरला हिरवे आणि लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे क्षणभर दाबले की कॉइल ओढते, आणि मग स्टार्टरचा स्वतःचाच एक कॉन्टॅक्ट कॉइलला धरून ठेवतो. बोट काढले तरी मोटर चालू राहते. पुष्कळ जण पेटीचा रिले ह्या हिरव्या बटणाला समांतर जोडतात. जोडायला सोपे, पण मग पिनेवर '०' आला तरी मोटर थांबत नाही, कारण स्टार्टरने तिला धरून ठेवलेली असते. वरचा सगळा खटाटोप फुकट!

"म्हणून पेटीचा एक रिले कॉइलच्या वाटेत, लाल बटणाच्या ओळीतच हवा," ते म्हणाले. "पेटीचा हात असेल तोवर वाट जुळलेली. हात सुटला की वाट तुटली, कॉइल पडली, मोटर थांबली. वर मी माझा वेगळा टायमर टाकणार. विहीर पाच तासांत उपसते ना? मग साडेपाच तासांनी माझा टायमर तोडणार. तुझ्या कर्नलला विचारणारसुद्धा नाही."

मुलाला हे पटले. आम्हालाही पटले. ओव्हरलोड, सिंगल फेज आणि कोरड्या विहिरीचे संरक्षण स्टार्टरच्या पेटीतच, संगणकाच्या बाहेर ठेवावे. संगणकाने सोय करावी. जीव वाचवण्याचे काम त्याच्या एकट्याच्या भरवशावर टाकू नये.

हुकूम आणि पावती

राहिली गोष्ट फोनवरच्या खोट्या अक्षरांची. ती तात्यांना सगळ्यात जास्त लागली होती. "पाणी गेलं त्याचं काही नाही," ते म्हणाले, "पण यंत्र खोटं बोललं."

यंत्र खोटे बोलले नाही. त्याला खरे विचारलेच नव्हते. आपण ऊस भरून गाडी कारखान्याकडे पाठवतो. गाडी निघाली म्हणजे ऊस पोचला असे धरतो का? काट्यावर वजन होऊन पावती हातात पडते तेव्हा ऊस पोचला. तशी मोटरीचीही पावती हवी. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवर एक जादा कॉन्टॅक्ट असतो, तो खरोखर ओढला तरच जुळतो. त्याची खबर योग्य सुटेपणाने, ऑप्टोकपलर मध्ये घालून, दुसऱ्या पिनेवर आणायची. फोनवर 'चालू' किंवा 'बंद' दिसायचे ते ह्या पिनेकडे बघून. हुकूम एक आणि पावती दुसरी असेल तर 'तपासा' म्हणून घंटा वाजवायची.

खबर घेण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एक, दर मिनिटाला बांधावर जाऊन पाणी आले का बघायचे. दुसरी, पाणी आल्यावर पाटकऱ्याने हाक मारायची. गाभ्याला सांगून ठेवले की पिन ० ची १ किंवा १ ची ० झाल्याबरोबर तो झोपलेल्या कार्यक्रमाला उठवतो, आणि बदल कधी झाला ती वेळही सांगतो. मुलाने बादलीतला फ्लोट हलवला. पाण्याच्या हिंदकळ्यांनी तो वर-खाली थरथरला आणि पडद्यावर एका क्षणात दहा-बारा खबरा आल्या. ही थरथर गाळायची सोयही ५.१० पासूनच्या नव्या रीतीत गाभ्याकडे मागता येते. इतका वेळ स्थिर राहिला तरच खबर दे, असे अर्जातच लिहायचे. त्याने ते लिहिले, पुन्हा पाणी हलवले. एकच खबर आली.

बसवण्याआधी एवढे विचारा

सभासदांनी पेटी विकत घेतली असो की मुलाने घरी केली असो, पैसे देण्यापूर्वी आणि मोटर जोडण्यापूर्वी खालील प्रश्न जरूर विचारावेत.

१. मोटर चालू असताना पेटीची वीज काढली तर मोटर थांबते का? समोर करून दाखवा.

२. आतला कार्यक्रम मेला किंवा गोठला तर किती सेकंदांत मोटर थांबते? तेही करून दाखवा.

३. फोनवर दिसते ती स्थिती हुकमाची की खऱ्या कॉन्टॅक्टरची?

४. लाईट जाऊन आली तर मोटर आपोआप सुरू होते का? होत असेल तर थोडे थांबून होते का? लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उठल्या की ट्रान्सफॉर्मरवर काय ताण येतो, ते ऑटोस्विचने आपल्याला पुरते शिकवले आहे.

५. संगणक पूर्ण बिघडला तरी हिरव्या-लाल बटणांनी मोटर हाताने चालवता आणि थांबवता येते का?

६. जास्तीत जास्त किती तास चालायचे याला संगणकाबाहेरचा टायमर आहे का?

ह्यातल्या एकाही प्रश्नाला "तसं कधी होत नाही" असे उत्तर आले तर पेटी घेऊ नये. तात्यांच्या शेतातही दोन वर्षे तसे कधी झाले नव्हते.

संध्याकाळी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मुलगा स्टँडवर पोचवायला आला होता. नवी पेटी तो दिवाळीच्या सुटीत स्वतः येऊन बसवणार आहे, आणि स्टार्टरची बाजू आमचे वायरमन मित्र करणार आहेत. गाडी सुटता सुटता तात्यांनी खिडकीतून त्याला हाक मारली. "अरे, तो पहारेकरी विसरू नको!" मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "पहिले पंधरा दिवस मी रात्री एक चक्कर मारीनच म्हणा."

आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. पेटी बसल्यावर, लाईट काढून आणि कार्यक्रम गोठवून वरचे सहाही प्रश्न तिला तात्यांच्या बांधावरच विचारले जातील. ज्या सभासदांना बघायचे असेल त्यांनी अवश्य यावे.